पनवेल परिसरातील पर्यटनस्थळे

पनवेल हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील, गाढी नदीच्या काठावर व खाडीच्या मुखाशी वसलेले शहर आहे. समुद्रकिनाऱ्याची पुळण नसलेल्या या खाडीकाठच्या शहरात व परिसरात जुनी तळी, डोंगरी किल्ले, पक्षी अभयारण्य आणि पावसाळी धबधबे ही प्रमुख पर्यटनस्थळे आहेत. यांतील बहुतेक स्थळे खाडीपासून घाटाकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या आसपास आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून बोरघाट चढून पुण्याकडे जायचे, हा रेल्वेपूर्व काळातील नेहमीचा प्रवासमार्ग होता. इ.स. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेलचे महत्त्व वाढले. बैलगाड्यांची चाके बनवण्याचा व्यवसायही येथे भरभराटीस आला होता. १८५२ मध्ये पनवेल येथे नगरपालिका स्थापन झाली. मात्र १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, ती पनवेलला न येता कर्जतमार्गे गेली आणि बंदराचा व्यापार ओसरला. विसाव्या शतकात महामार्ग, लोहमार्ग व नवी मुंबईचा विस्तार यांमुळे पनवेल पुन्हा दळणवळणाचे केंद्र बनले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली.

शहरातील स्थळे

पनवेलला तळ्यांचे शहर म्हटले जाते. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे आणि लेंडाळे ही येथील परिचित तळी होत. वडाळे तळ्याभोवतीचा परिसर सुशोभित करण्यात आला असून सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. बल्लाळेश्वर मंदिर हे शहरातील प्रमुख देवस्थानांपैकी एक आहे. खाडीलगतचा कोळीवाडा पनवेलच्या जुन्या सागरी जीवनाची आठवण देतो.

कर्नाळा किल्ला

पनवेलपासून सुमारे १२ कि.मी. अंतरावर, मुंबई–गोवा महामार्गालगत कर्नाळा किल्ला आहे. अंगठ्यासारखा उभा दिसणारा बेसाल्टचा सुळका ही त्याची ओळख असून तो महामार्गावरून दुरूनच दिसतो. खाडीची बंदरे व बोरघाटाचा मार्ग यांवर लक्ष ठेवण्यासाठी हे ठिकाण मोक्याचे होते. त्यामुळे निजामशाही, पोर्तुगीज, मुघल आणि मराठे अशा अनेक सत्तांचा त्यावर अंमल राहिला. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मुघलांकडे गेलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये परत घेतला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

गडावर दरवाजे, वाड्याचे अवशेष आणि एक मराठी व एक फारसी शिलालेख आहे. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सुळक्यावर चढण्यासाठी प्रस्तरारोहणाचे तंत्र व साधने आवश्यक असतात. तेथे मधमाश्यांची मोठी पोळी असल्याने मोठा आवाज किंवा धूर करणे धोकादायक ठरते.

कर्नाळा पक्षी अभयारण्य

किल्ल्याभोवतीच्या वनात १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य स्थापन झाले. आरंभी त्याचे क्षेत्र सुमारे ४.५ चौ.कि.मी. होते. पुढे ते सुमारे १२ चौ.कि.मी. करण्यात आले. येथे पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जातींची नोंद आहे. स्वर्गीय नर्तक, भृंगराज, हळद्या, तांबट आणि शीळकरी कस्तूर हे पक्षी येथे आढळतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येत असल्याने हा काळ निरीक्षणास सोयीचा असतो.

तिबोटी खंड्या हा लहान, बहुरंगी पक्षी मात्र पावसाळ्याच्या सुमारास विणीसाठी येतो. तो ओढ्या-नाल्यांच्या मातीच्या काठात बीळ करून अंडी घालतो आणि पिलांना बेडूक, खेकडे, सरडे भरवतो. घरट्याजवळ छायाचित्रकारांची गर्दी झाल्यास पालक पक्षी बिळाशी येण्याचे टाळतात व पिले उपाशी राहण्याचा धोका असतो. म्हणून घरट्यापासून दूर राहणे आवश्यक मानले जाते.

शिरढोण व तारा

कर्नाळ्याच्या वाटेवरील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव (४ नोव्हेंबर १८४५) आहे. १८७९ च्या उठावानंतर पकडले गेलेल्या फडके यांचा मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथील तुरुंगात झाला. त्यांच्या घराण्यातील अनंतराव फडके हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. अभयारण्यापलीकडील तारा गावात ग्रामोद्योगांसाठी परिचित असलेले युसुफ मेहेरअली सेंटर आहे.

प्रबळगड व कलावंतीण

पनवेलच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगरासमोर सुमारे ७०० मीटर उंचीचा प्रबळगड आहे. त्याचे जुने नाव मुरंजन होते. त्याला लागून असलेल्या कलावंतीण सुळक्यावर कातळात खोदलेल्या उंच व उभ्या पायऱ्या आहेत. सुळक्याच्या नावाविषयी कलावंतीण नावाच्या राणीची दंतकथा सांगितली जाते. ठाकूरवाडी हे पायथ्याचे गाव असून प्रबळमाची ही वाटेवरची वस्ती आहे. पायऱ्यांना कठडा नसल्याने पावसात ही चढाई धोक्याची ठरते.

पावसाळी स्थळे व सुरक्षितता

खारघर येथील पांडवकडा धबधबा १०० मीटरहून उंच कड्यावरून कोसळतो. डोंगरावर जोराचा पाऊस झाल्यास खालच्या प्रवाहात अल्पावधीत पाणी वाढते. पायथ्याशी ऊन असले तरी लोंढा येऊ शकतो. येथे अनेक पर्यटकांचा बुडून मृत्यू झाल्यामुळे पावसाळ्यात प्रवेशबंदी लागू केली जाते. गाढी नदीवरील गाढेश्वर धरण परिसरातही पावसाळ्यात असे मनाई आदेश काढले जातात.

पर्यटन व पर्यावरण

मुंबई व पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येत असल्याने या स्थळांवर शनिवार-रविवारी मोठी गर्दी होते. ज्या रस्त्यांनी पर्यटक येतात तेच रस्ते या स्थळांपुढील प्रश्नही आहेत. मुंबई–गोवा महामार्ग थेट कर्नाळा अभयारण्यातून जातो. त्यामुळे वनाचे दोन भाग झाले असून वाहनांचा आवाज आणि रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यांचे अपघात हे चिंतेचे विषय आहेत. पनवेलनजीकच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सपाट करण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. खाडीकाठच्या खारफुटीवर कोळ्यांची मासेमारी आणि किनाऱ्याचे पुरापासून संरक्षण अवलंबून असल्याने तिच्या जतनाचा प्रश्न महत्त्वाचा मानला जातो.

कसे जावे

पनवेल हे मध्य रेल्वेवरील जंक्शन असून मुंबई उपनगरी रेल्वेच्या हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक आहे. कोकण रेल्वेच्या अनेक गाड्या येथे थांबतात. पनवेलहून पेण व अलिबागकडे जाणाऱ्या एस.टी. बसने कर्नाळ्याला जाता येते.