व्हिडिओकॉन का बसली? – चितेगावच्या कंपनीचा हिशेब



पैठण रस्त्याने गेलेल्यांना चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना ठाऊक आहे. एके काळी आपल्या भागात ज्याच्या घरी पहिला रंगीत टीव्ही आला, त्याच्याकडे बहुधा याच कंपनीचा आला. एवढी मोठी कंपनी बसली कशी, असे बरेच सभासद विचारतात. म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

या घराण्याचे मूळ आपल्याच धंद्यात आहे. नंदलाल धूत ऊस-कापसाच्या व्यापारातले. 1955 साली युरोपातून यंत्रे आणून गंगापूरच्या साखर कारखान्याची उभारणी त्यांनी केली, असे कंपनीचा इतिहास सांगतो. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि टीव्हीला उठाव आला. जपानच्या तोशिबा कंपनीचे तंत्र घेऊन व्हिडिओकॉनने टीव्ही काढले, ते घरोघर गेले. पुढे वॉशिंग मशीन, फ्रीज आले. टीव्हीची काच स्वतःच करावी म्हणून गुजरातेत भरूचजवळ काचेचा कारखानाही घातला. इथवर सगळे शहाणपणाचे होते.

आता खरी गोम. जुना टीव्ही पाठीमागून डब्यासारखा फुगलेला असे, कारण आत जाड काचेची पिक्चर ट्यूब. तिच्या मानेतून विजेचे सूक्ष्म कण पुढच्या काचेवर मारायचे, तिथला लेप उजळतो आणि चित्र दिसते. हवा काढलेली असल्याने काच जाड लागते, म्हणून वजन. नव्या चपट्या पडद्यात हे काहीच नाही. मागून उजेड आणि पुढे द्रव स्फटिकाचा पातळ थर. ट्यूब करणाऱ्या भट्ट्या त्याला उपयोगी पडत नाहीत.

आणि नेमक्या 2005 साली व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा सुमारे 24 कोटी युरोला घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन येथले कारखाने. विकणाऱ्याने का विकले, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. जात बसायला लागली की तिचे बेणे स्वस्त मिळते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पुढच्या काही वर्षांत डबा टीव्ही दुकानातून गेला.

तरी एवढ्याने कंपनी बुडाली नसती. पण कर्ज काढून टेलिफोन, तेल, वायू अशा भलत्याच रानांत नांगर घातला. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 122 टेलिफोन परवाने रद्द केले, त्यात यांचे 21 होते. मोझांबिकच्या वायूक्षेत्रातला 10 टक्के हिस्सा अडीच अब्ज डॉलरच्या आसपास विकला, तरी कर्ज उरलेच. कर्जप्रकरणातील आरोपांत आम्ही शिरत नाही, तो न्यायालयाचा विषय.

जून 2018 मध्ये स्टेट बँकेच्या अर्जावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. मान्य देणी सुमारे 64,800 कोटी. 2021 साली वेदांत गटाची 2,962 कोटींची बोली न्यायाधिकरणाने मंजूर केली, म्हणजे रुपयाला सुमारे साडेचार पैसे. बँकांपेक्षाही वाईट गत माल पुरवणाऱ्यांची: त्यांच्या वाट्याला रुपयाला एक पैसासुद्धा नाही, 0.72 टक्के. भागधारकांना शून्य. ती मंजुरीही जानेवारी 2022 मध्ये अपिलात रद्द झाली.

हे सगळे इथे का लिहिले? उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण ऊस घालून पैशाची वाट पाहणारा शेतकरी म्हणजे माल उधार देणाराच. कारखाना कर्जात गेला तर तारण घेतलेल्या बँका पुढे, तो मागे. शिवाय आपण भागधारकही. कन्नडचा सहकारी कारखाना राज्य बँकेच्या कर्जापोटी 2012 साली लिलावात गेला, हे कन्नडच्या माणसाला आम्ही काय सांगावे!

वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. अहवाल चहासोबत बाजूला ठेवू नका. ताळेबंदात मुदत कर्जाचा आकडा गेल्या सालाशेजारी छापलेला असतो, तो पाहा. वाढला असेल तर कुठल्या यंत्रासाठी, ते यंत्र किती गाळप हंगामांत फिटणार, आणि उसाची देणी त्याच पानावर किती दाखवली आहेत, एवढे तिथेच उभे राहून विचारा.