संगणकावरील तक्त्यात ओळी किती मावतात?

२०११ च्या जनगणनेनुसार गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ६६ हजार ३२६ होती. प्रत्येक माणसास एक ओळ देऊन ही यादी ‘एक्सेल’च्या एकाच पत्रकात करावयाची म्हटल्यास ती निम्म्यापूर्वीच खुंटेल, कारण त्या पत्रकात १०,४८,५७६ ओळीच असतात. शेजारच्या बीदर जिल्ह्याचे १७ लाख लोकही त्यात मावणार नाहीत. गुलबर्गा शहर मात्र मावेल.

हा आकडा सरळ दहा लाखांचा का नाही, असे विद्यार्थी हमखास विचारतील. संगणक सर्व संख्या शून्य व एक या दोनच अंकांनी लिहितो. ओळीचा क्रमांक लिहिण्यासाठी जितकी स्थाने राखलेली असतील तितके दोन एकमेकांशी गुणावेत. येईल तितक्याच ओळींना क्रमांक मिळतो. १६ स्थानांत ६५,५३६ क्रमांक बसतात, २० स्थानांत १०,४८,५७६. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्तीत पहिली मर्यादा होती, २००७ च्या आवृत्तीपासून दुसरी आली. त्याच वेळी उभे स्तंभ २५६ वरून १६,३८४ झाले.

स्थाने आणखी वाढविता येणार नाहीत असे नव्हे. परंतु ओळी व स्तंभ यांचा गुणाकार केल्यास आजच एका पत्रकात सुमारे १,७१८ कोटी घरे होतात. भरलेले प्रत्येक घर संगणकाच्या स्मृतीत जागा अडविते, आणि एका घरातील आकडा बदलताच त्यावर विसंबलेली सर्व सूत्रे नव्याने सोडवावी लागतात. जुन्या धारिका नव्या आवृत्तीत उघडण्याची सोय राखावयाची, ही अडचण निराळीच.

मर्यादा ओलांडल्याचे कोणाच्या ध्यानातच आले नाही तर काय होते, हे इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस दिसले. कोविड चाचण्यांचे निकाल जुन्या स्वरूपाच्या धारिकांत उतरविले जात होते व एका रुग्णास अनेक ओळी लागत. मर्यादेपलीकडील ओळी गळाल्या. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. निवृत्तिवेतनाची यादी अशी तुटली, तर तळाशी नाव असलेल्या वृद्धेस ते कोठे गेले हे कचेरीतही कोणी सांगू शकणार नाही.

एवढ्या मोठ्या नोंदींसाठी तक्ता नव्हे, माहितीकोष वापरावा. कर्नाटकच्या ‘भूमी’ योजनेत सुमारे २ कोटी जमीननोंदी अशाच कोषात उतरविण्यात आल्या. तक्ताच वापरावयाचा असेल तर धारिकेच्या नावाचा शेवट पाहावा: ‘एक्सएलएस’ म्हणजे जुनी मर्यादा, ‘एक्सएलएसएक्स’ म्हणजे नवी. यादी पुढे पाठविण्यापूर्वी शेवटच्या ओळीच्या क्रमांकातून शीर्षकाची ओळ वजा करावी व ती संख्या मूळ अर्जांच्या संख्येशी ताडून पाहावी.