कंपॅनियन : एका शब्दातली भाकरी

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. 'कंपॅनियन' ह्या शब्दाचा अर्थ फळ्यावर 'सोबती' असा लिहीत आलो. शब्दकोशात तोच आहे. पण एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सोबती म्हणजे नुसता बरोबर चालणारा, की आणखी काही?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून शब्दाच्या मुळाशी गेलो. तिथे मला भाकरी सापडली.

लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे रोटी. त्यावरून 'कोंपानिओ' म्हणजे आपल्याबरोबर रोटी खाणारा. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या, फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात हा शब्द आढळतो. जर्मानिक टोळ्यांच्या एका शब्दावरून तो घडवला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. कारण गॉथिक भाषेत 'गाह्लाइबा' हा तसाच, 'सह' आणि 'रोटी' मिळून झालेला शब्द आहे. पुढे जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. फ्रेंच पोरे आजही दोस्ताला 'कोपँ' म्हणतात, तो ह्याच कुळातला. 'कंपनी'ही ह्याच कुळातली. १६०० साली सनद घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांच्या कंपनीच्या नावातही एका रोटीला बसणाऱ्यांची आठवण आहे. मात्र त्या पंगतीत आपल्याला पान नव्हते.

पण इंग्रजीत रोटीचे आणखी एक कूळ आहे, आणि ते मला अधिक बोलके वाटते. 'लॉर्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'ह्लाफवेअर्द' ह्या शब्दापासून आला. त्याचा अर्थ रोटीचा राखणदार. 'लेडी'चे मूळ रोटीचे पीठ मळणारी असे सांगतात. आणि ह्या धन्याच्या आश्रिताला काय म्हणत? 'ह्लाफएटा', म्हणजे रोटी खाणारा. म्हणजे धनी रोटी राखतो, चाकर रोटी खातो, आणि सोबती रोटी बरोबर बसून खातो. तिघांच्याही नावात रोटीच आहे. फरक आहे तो ती कोणाच्या हातात आहे आणि खाणारा कुठे बसला आहे, ह्याचा.

हा फरक मला पुस्तकाने शिकवला नाही. १९५०च्या दशकात माझ्या आजोबांची येसकरकीची पाळी असली, की संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गावात भाकरी मागायला जाई. त्यांच्या हातात घुंगरांची काठी, माझ्याकडे फडके. शाळेत माझ्या वर्गात असलेल्या एका मुलाच्या दारातही आम्ही उभे राहत असू. त्याची आई वरून भाकरी टाकी. हात लागू नये एवढी वरून. तो उंबऱ्याच्या आत आणि मी बाहेर. रात्री तो आणि मी एकाच तव्यावरची भाकरी खात होतो. पण आम्ही सोबती नव्हतो. तो ह्लाफवेअर्दाच्या घरचा आणि मी ह्लाफएटाच्या.

म्हणून बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ह्या दोन गोष्टी मला एकच वाटतात. मिळालेली भाकरी पोट भरते आणि मान वाकवते. ती नाकारल्याशिवाय बरोबरीने बसता येत नाही. महारवतन कायद्याने गेले ते १९५८च्या कायद्यानंतर.

मग सहभोजन केले म्हणजे आपण कंपॅनियन झालो काय? १९३६ साली छापलेल्या, लाहोरला न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी ह्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. रोटीव्यवहार असलेल्या जातीही जातीच राहिल्या. आंतरजातीय विवाहाने रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणा येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षातून एकदा पंगत मांडून, फोटो काढून, दुसऱ्या दिवशी भाड्याची खोली देताना आडनाव विचारणाऱ्याला मी सोबती म्हणणार नाही. लॅटिन शब्दाची झेप रोटीपर्यंत आहे. आपली गरज त्याहून मोठी आहे.

तरीही तो शब्द मी टाकत नाही. चळवळीत आपण एकमेकांना 'साथी' म्हणतो. सभेनंतर आपल्यातल्या कोणत्या पोटजातीचे कार्यकर्ते कोणाच्या घरी जेवायला थांबतात आणि कोण निमित्त सांगून निघून जातात, हे पाहावे. ही तपासणी दुसऱ्यांची करण्याआधी आपली करू या.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. फळ्यावरचा 'सोबती' पुसला नाही. त्यापुढे लिहिले : 'बरोबरीने बसून भाकरी खाणारा.' नंतर मधल्या सुट्टीत मी माझा डबा त्याच्या बाकावर नेऊन उघडला.