गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा, चैत्राचे ऊन आणि मधुमेहींचे पाय

फाल्गुन संपत आला की कोकणात आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या दिसू लागतात, काजूची बोंडे पिकतात आणि मुंबई-पुण्याची मंडळी गणपतीपुळ्याला येऊ लागतात. किनाऱ्याने चालावे, मालगुंडच्या वाडीतून फिरून यावे, मंदिरामागच्या टेकडीला प्रदक्षिणा घालावी. हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला हे चालणे चांगलेच. दम लागला तरी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. आठवड्याला 150 मिनिटे असे चालणे झाले, की काम झाले.

रुग्णांना मी हमखास बजावतो ते मात्र पायांबद्दल. इथे टेकडीच गणपतीचे रूप मानली जाते, त्यामुळे सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा बहुतेक जण अनवाणीच घालतात. सकाळी अकरानंतर फरसबंदी चांगलीच तापते. ज्याच्या पायाला संवेदना आहे, तो पाय उचलतो, सावलीत पळतो. ज्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे, त्यांच्यातल्या अनेकांच्या नसा बधिर झालेल्या असतात. त्यांना चटका कळत नाही. ते शांतपणे पूर्ण फेरी घालतात, आणि रात्री मुलगी किंवा सून तळव्यावरचे फोड दाखवते. असा फोड चिघळला तर बोट गमवावे लागू शकते.

म्हणून प्रदक्षिणा उजाडल्यावर लगेच घालावी, साडेआठच्या आत. जाड सुती मोजे घालावेत. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही, असे माझे मत. जमीन किती तापली आहे हे घरातल्या निरोगी माणसाने हाताच्या पालथ्या बाजूने पाहावे, मधुमेहीने स्वतःच्या पायाने नव्हे. खोलीवर आल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात. फोड दिसला तर फोडू नये, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये; स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

दुसरी गोष्ट दमट हवेची. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते सपाट प्रदेशात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर 37 पासूनच. रक्तदाबासाठी 'लघवीची गोळी' घेणाऱ्यांना अशा हवेत चक्कर येण्याचा धोका जास्त. गोळी मनाने बंद करू नका. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. चालताना डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे सुरू झाले तर सावलीत बसून पाणी प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

शहाळे सर्वांना चालते असे समजू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असते; मूत्रपिंडाच्या रुग्णांनी विचारूनच घ्यावे. कोकम सरबतात साखर असते, हे मधुमेही सोयीस्करपणे विसरतात. उलट इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला निघू नये, आणि खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, की लगेच खावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच.

वाडीतून चालताना गडग्यावर न पाहता बसू नका, दगड उचलू नका. फुरसे आणि विंचू तिथेच असतात. विंचवाच्या दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची लक्षणे आहेत. त्यावरचे प्राझोसिनचे उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनीच रूढ केले. साप चावला तर घट्ट आवळपट्टी नको, चिरा नको. अवयव हलू न देता रुग्णालय गाठा. काजूची ओली बी मुलांना दाताने फोडू देऊ नका, टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात.