पंपासमोरचा ओपन व्ह्यू

सोसायटीच्या गेटपासून रिक्षांची रांग लागते ती थेट पेट्रोल पंपावरच्या सीएनजीच्या मशीनपर्यंत. वारज्यातला रविवार, सकाळचे साडेदहा. ऊन आत्ताच टोचतंय. एक रिक्षावाला मागच्या सीटवर आडवा झालाय, पाय बाहेर. दुसरा वडापाव संपवून कागदाचा बोळा करतो. रांग सरकली की कुणी इंजिन चालू करत नाही. खाली उतरायचं, हँडल धरायचं, रिक्षा हातानंच दोन पावलं ढकलायची. गेटसमोर वॉचमननं दोन निळी पिंपं मांडलीत. आतल्या गाडीला बाहेर पडायचं असलं की तो शिट्टी मारतो, पिंपं हलवतो, रिक्षा इंचाइंचानं बाजूला होतात.

"केवढी रांग ही?" मी विचारतो.

"आज काहीच नाही. संध्याकाळी या, काका."

दुसऱ्या मजल्यावर एजंट वाट बघतोय. फ्लॅट 650 फूट कार्पेट, टू बीएचके. एसी गार, खिडक्या बंद, अगरबत्ती लावलेली. भाची किचनचा ओटा बघते, जावई नळ सोडून पाण्याचा जोर बघतो. भाव चौरस फुटाला पाचशेनं कमी सांगितलाय, म्हणजे सव्वातीन लाखांचा फरक. एजंट काचेतूनच बाल्कनी दाखवतो. "ओपन व्ह्यू आहे मॅडम. समोर कधीच टॉवर उभा राहणार नाही."

व्ह्यू खरंच मोकळा आहे. पंपाचं पांढरं छत, त्याखाली दुचाकींची गर्दी, हवा भरायच्या मशीनची टिंगटिंग. पलीकडे सर्व्हिस रोड आणि हायवे.

भाची दरवाजा सरकवते. गरम हवा आत येते, तिच्याबरोबर तो ओळखीचा गोडसर, डोक्यात जाणारा वास.

"मामा, तुला येतोय?"

"पाच मिनिटांत सवय होते, मॅडम," एजंट म्हणतो.

होते खरी. नाक लवकर शरण जातं, पण वास कळेनासा झाला म्हणून वाफ काही कमी होत नाही. पेट्रोलमध्ये 1 टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं, आणि बेंझीनमुळे कर्करोग होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही. आपल्याकडे हवेत त्याची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. या बाल्कनीत ते किती असेल, हे मोजायला इथं कुणीही यंत्र लावलेलं नाही.

जावई सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारतो. "उद्या स्फोट-बिफोट झाला तर?"

एजंटचा चेहरा उजळतो. टाक्या जमिनीखाली आहेत, वाळूच्या बादल्या आहेत, लायसन्स आहे, सगळं तो घडाघडा सांगतो. ते बहुतेक बरोबरही असतं. या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून तो विचारलेला एजंटांना आवडतो.

जावई फोनवरच्या नकाशात अंतर मोजतो. पंपाच्या कुंपणालगत भिंतीला धरून तीन बारीक पाइप वर गेलेत, जमिनीखालच्या टाक्यांची श्वासनळीच ती. तिथून बाल्कनी 22 मीटर. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवा पंप निवासी भागापासून 50 मीटर लांब हवा, अगदीच अडचण असेल तर जादा सुरक्षेसह 30. मोजायचं ते पाइप, नोझल किंवा टँकर रिकामा करायचं तोंड, यांपैकी जे जवळ असेल तिथून. पण सूचना नव्या पंपांसाठी आहेत. हा पंप जुना. इमारत त्याच्या शेजारी नंतर आली.

आम्ही खाली उतरतो तोच टँकर वळतो. पंपावरची पोरं दोरी बांधून एक बाजू बंद करतात. इंजिन बंद. अर्थिंगची वायर चिमट्यानं टँकरला लावली जाते, अग्निशामक नळकांडं चाकाशी येतं. मॅनेजर काचेच्या उंच भांड्यात पेट्रोल घेतो, त्यात घनतामापक तरंगत ठेवतो, डोळा पातळीला आणून आकडा वाचतो, वहीत लिहितो. मग जाड होज जोडला जातो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

मी दुसरा होज शोधतोय. टाकीत जेवढं पेट्रोल उतरतं, तेवढीच वाफ टाकीतून बाहेर ढकलली जाते. दुसरा होज असला तर ती परत टँकरमध्ये जाते. नसला तर त्या तीन पाइपांतून वर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. वारा नसला की ती खालीच रेंगाळते, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या आसपास.

होज एकच आहे.

"टँकर रोज येतो का?" भाची मॅनेजरला विचारते.

"कधी रोज, कधी दिवसाआड. बहुतेक रात्रीच येतो. दिवसा शहरात जड वाहनांना बंदी असते ना, ताई."

म्हणून रात्री अकराला आम्ही परत येतो. एजंटला न सांगता. छताखालचे एलईडी दिवे एवढे प्रखर, की दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्यात. सीएनजीचा कॉम्प्रेसर एका सुरात घुमतोय. थांबतो, पुन्हा धडधडत सुरू होतो. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. इथं भाची मला काहीतरी सांगतेय आणि मला कान पुढे करावा लागतोय. रांग गेट ओलांडून चौकापर्यंत पोचलीये. गॅस भरताना उतरलेल्या बायका झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन फुटपाथवर उभ्या आहेत.

जावई एजंटला फोन लावतो, स्पीकरवर. "मागच्या विंगमध्ये आहे का एखादा? सहाव्या-सातव्या मजल्यावर?"

"आहे ना, सर. सातव्यावर आहे. पण तो पूर्ण भावाचा."

"पाचशे कमी नाही?"

"त्याला कशाला कमी करतील, सर?"

भाची फोनचा कॅल्क्युलेटर उघडते.