कॅथलिकांचे सात संस्कार: ऐकीव काय, खरे काय

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्याचे नाव निघाले की जांब समर्थ आठवते. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. पण याच जिल्ह्यात ख्रिस्ती वस्तीही दीडशे वर्षे जुनी आहे. शेजारघरचा बाप्तिस्मा किंवा चर्चमधले लग्न इथे कुणाला नवे नाही. तरी तिथे नेमके काय चालते, याबद्दल माहितीपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात. त्यातल्या सहा तपासून पाहू.

गैरसमज 1: सगळ्या ख्रिस्ती लोकांचे संस्कार सारखेच.

वस्तुस्थिती: कॅथलिक सात संस्कार मानतात: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्ये हा आकडा पक्का केला. बहुतेक प्रोटेस्टंट पंथ मात्र बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच मानतात. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. जिल्ह्यातले कॅथलिक 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. एकाच गल्लीतल्या दोन ख्रिस्ती घरांची रीत वेगळी दिसते, ती यामुळे.

गैरसमज 2: बाप्तिस्मा झाला की नाव बदलावे लागते, आणि पंथ बदलला की तो पुन्हा घ्यावा लागतो.

वस्तुस्थिती: नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढीच अट आहे, मराठी नाव चालते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरते. बाळ दगावण्याच्या बेतात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कुणीही तो देऊ शकतो. दवाखान्यातली नर्स स्वतः ख्रिस्ती नसली तरी चालते. चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा.

गैरसमज 3: मिस्सेत (कॅथलिकांच्या उपासनेत) प्रसाद नाकारतात, म्हणजे परक्याचा अपमान करतात.

वस्तुस्थिती: देवळातला प्रसाद येईल त्याला मिळतो, म्हणून हा समज होतो. मिस्सेतली गव्हाची बिनखमिराची भाकर अर्पणानंतर कॅथलिकांसाठी साक्षात ख्रिस्ताचे शरीर असते. ती घेणे म्हणजे त्या श्रद्धेला होकार देणे. म्हणून साधारणपणे कॅथलिकांनाच ती देतात, आणि त्यांनाही तासभर आधी उपास पाळावा लागतो. पाहुण्याने जागेवर बसून राहिले तर कुणी वावगे मानत नाही. पुष्कळ ठिकाणी छातीवर हात दुमडून रांगेत गेल्यास फादर नुसता आशीर्वाद देतात.

गैरसमज 4: पाप फादरच्या कानात सांगितले की सुटका, आणि ती गोष्ट गावभर होते.

वस्तुस्थिती: मनापासून पश्चात्ताप आणि सुधारण्याचा निश्चय नसेल तर क्षमा लागूच होत नाही. चोरी केली असेल तर भरपाईही करावी लागते. ऐकलेले बाहेर फोडायची फादरना सक्त मनाई आहे. पापी कोण हे उघड करून ते फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो.

गैरसमज 5: फादर तेल घेऊन आले, म्हणजे माणूस आता जाणार.

वस्तुस्थिती: दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने हा समज दूर केला आणि 1972 मध्ये रुग्णाभ्यंगाचा नवा विधी आला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, थकलेल्या म्हातारपणी कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. दुखणे उलटले तर पुन्हा लावता येते. हे तेल बहुधा ऑलिव्हचे असते. ते नसेल तिथे दुसरे वनस्पती तेल चालते. बिशप पवित्र सप्ताहाच्या सुमारास ते आशीर्वादित करतात आणि तिथून ते धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चांत जाते. घरच्यांनी भीतीपोटी फादरना उशिरा बोलावले, तर रोग्याला शुद्धीत प्रार्थना करता येत नाही.

गैरसमज 6: चर्चने लग्न रद्द केले की घटस्फोट झाला.

वस्तुस्थिती: चर्चचे न्यायालय लग्न मोडत नाही; ते मुळात वैध झालेच नव्हते, एवढे ठरवते. उदाहरणार्थ, बळजबरीने घेतलेली संमती. हा निवाडा सरकारी कायद्यावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हेच म्हटले. दिवाणी न्यायालयाचा हुकूम नसताना दुसरे लग्न केले, तर ते कायद्याने अवैध ठरते.

चर्चची नोंद मात्र चोख असते. जालन्यात बाप्तिस्मा झालेल्या मुलीचे लग्न पुण्यात लागले, तर तिथले फादर तिच्या मूळ धर्मग्रामाला कळवतात आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या नावापुढे लग्नाची नोंद होते. म्हणून लग्नाआधी जुना दाखला न दाखवता नवा काढून आणायला सांगतात. वेगळे झालेल्या जोडप्याने पुन्हा लग्नाचा विचार करण्याआधी वकील आणि फादर, दोघांनाही भेटावे. एकाच्या होकाराने दुसऱ्याकडचे काम होत नाही.