औषधाचा अपाय आणि रुग्णाचा हक्क

फेफऱ्याच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधाने अनेक रुग्णांना दिलासा दिला आहे. परंतु क्वचित एखाद्या रुग्णास पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, अंगावर पुरळ उठते, तोंडात फोड येतात आणि दुर्लक्ष झाल्यास प्राणावर बेतते. ही सूचना ज्यास मिळाली, तो तातडीने डॉक्टरांकडे परततो; ज्यास मिळाली नाही, तो गोळ्या घेतच राहतो. धरणगाव तालुक्यातील एखाद्या कुटुंबावर असा प्रसंग आल्यास कायद्याचा कोणता आधार आहे, हे प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेथे औषधच दूषित होते. दुष्परिणामांच्या प्रकरणांत औषध शुद्ध असू शकते. दोष असतो तो धोक्याची सूचना न देण्यात. केवळ दुष्परिणाम झाला एवढ्याने भरपाई मिळत नाही.

सूचना कोणी द्यावयाची?

उपचारापूर्वी त्याचे स्वरूप, पर्याय व महत्त्वाचे धोके रुग्णास सांगून संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. मात्र अतिदुर्मिळ असा प्रत्येक धोका सांगण्याचे बंधन घातलेले नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पुरेशा सूचना वा इशारा न देणारा उत्पादकही जबाबदार ठरतो. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या औषधाचा इशारा उत्पादकाने डॉक्टरांपर्यंत वाजवी रीतीने पोहोचविला असेल, तर या कारणावरून त्याच्यावर दावा चालत नाही. म्हणून साखळी नेमकी कोठे तुटली, हे आधी पाहावे लागते.

दाद कोठे मागावी?

नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. उपचार मुंबईस वा सुरतेस झाले असले, तरी धरणगावच्या रहिवाशास जळगाव येथेच तक्रार दाखल करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नावही काढू शकते. भरपाई देत नाही. औषध बनावट वा निकृष्ट असल्याचा संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६ प्रमाणे कोणासही विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून औषधाची तपासणी करवून घेता येते. फौजदारी कारवाई घोर हलगर्जीपणाच्या प्रकरणांपुरतीच मर्यादित असून, त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचे मत आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरविले.

कागद हाच पुरावा

अनेकदा खरी तक्रारही पुराव्याअभावी टिकत नाही. कागदाच्या पुडीत बांधून घेतलेल्या सुट्या गोळ्यांवर नाव नसते, बॅच क्रमांक नसतो, इशारा तर नसतोच. यास्तव डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानदाराचे पक्के बिल, गोळ्यांचे वेष्टन व आतील माहितीपत्रक जपून ठेवावे. लक्षणे कोणत्या दिवशी दिसली, ते लिहून ठेवावे. रुग्णाने मागणी केल्यावर उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

दुष्परिणामाची नोंद शासनाकडेही करता येते. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी असून, रुग्णांसाठीचा नमुना मराठीतही उपलब्ध आहे. या नोंदीने भरपाई मिळत नाही. परंतु अशा नोंदींच्या आधारेच पुढील रुग्णांसाठी इशारे दिले जातात.

अपायाची शंका येताच डॉक्टरांना तत्काळ दाखवावे. फेफऱ्यासारख्या विकारात त्यांना न विचारता गोळ्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. आणि नवे औषध हाती घेताना प्रत्येकाने एवढे अवश्य विचारावे : "याने काही त्रास होऊ शकतो काय, आणि झाल्यास काय करावे?" हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.